रेसबुक : रक्ताचा हिशेब चोख, लगामाचा कोरा

पुण्यात शर्यतींचा मोसम जुलैच्या सुमारास सुरू होतो आणि रेसकोर्सच्या फाटकाबाहेर रेसबुकवाले दिसायला लागतात. त्या दिवशी पळणाऱ्या घोड्यांची माहिती देणारं, खिशात मावेल एवढं, मधे पिना मारलेलं, इंग्रजीत छापलेलं पुस्तक. प्रकार दोन-तीन मिळतात, पण ठेवण इतकी सारखी की एकाचंच नाव घेऊन बाकीच्यांवर अन्याय कशाला करायचा? मी जे घेतो त्याबद्दल लिहितो. तुमच्या हातात दुसरं असलं तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

माझ्या मताला किती वजन द्यायचं ते ठरवता यावं म्हणून आधी माझ्याबद्दल सांगतो. आमचे दादा, म्हणजे वडील, नालबंद होते. घोरपडीत घर, पहाटे तबेल्यात काम, दुपारी घरी झोप. मी बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. घोड्यावर कधी बसलेलो नाही. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या पैजेच्या खिडकीवर, लावतो ते एवढंच, की गेलं तर घरी सांगावं लागू नये. मी मालक नाही, ट्रेनर नाही, कोण जिंकणार ते सांगणारा टिपस्टर तर मुळीच नाही. पैसे देऊन पुस्तक घेणारा आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचणारा गिऱ्हाईक आहे.

छपाईचं पटकन उरकतो. अक्षर बारीक, साठीनंतर चष्म्याशिवाय अशक्य. कागद पातळ. पुण्याच्या श्रावणसरीत तिसऱ्या शर्यतीपर्यंत पुस्तकाचा लगदा होतो, तेव्हा प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवावी. शाईचे डाग बोटांना लागतात, शर्टालाही.

आता मजकूर. एका घोड्याला चार-पाच ओळींची जागा, आणि त्यात काय काय कोंबलेलं असतं! घोड्याचा रंग, वय, नर की मादी की खच्ची केलेला, बापाचं आणि आईचं नाव, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, गेटचा नंबर, मागच्या शर्यतींचे आकडे, ब्लिंकर, म्हणजे डोळ्यांना झापडं, आहेत की नाही. नाल अॅल्युमिनियमचे की पोलादाचे हेसुद्धा. दादा पुस्तक हातात घेतलं की आधी हाच रकाना बघायचे. अॅल्युमिनियमचा नाल हलका, तो शर्यतीसाठी मारायचा. एखादा घोडा पोलादी नालावर उतरवलाय असं दिसलं की ते म्हणायचे, ‘‘आज याला फिरवून आणणारेत.’’ दर वेळी ते खरं निघायचं असं नाही, पण त्यांच्या शब्दाला तबेल्यात मान होता.

पुस्तकाची खरी ताकद त्या बाप-आईच्या नावांत आहे. नवख्याला वाटतं ही माहिती हौसेखातर छापलेली, लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावासारखी. तसं नाही. जो घोडा पहिल्यांदाच पळणार आहे त्याच्या मागच्या शर्यतींचे आकडेच नसतात. तिथे रक्त आणि सकाळच्या सरावाची नोंद, या दोनच गोष्टींवर अंदाज बांधायचा. सप्टेंबरात पुण्यात होणारी इंडियन सेंट लेजर घ्या. अंतर २८०० मीटर. त्यात उतरणारे चार वर्षांचे घोडे बहुधा एवढं लांब कधी पळालेलेच नसतात. १६०० मीटरला वाऱ्यासारखा सुटलेला घोडा शेवटच्या चारशे मीटरला जीव धरेल का, हे त्याच्या जुन्या आकड्यांत सापडत नाही. बापाची इतर पिल्लं लांब अंतराला टिकली का आणि आईच्या बाजूला दम आहे का, हेच बघावं लागतं.

यामागे आता विज्ञानही आहे. स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन नावाचं जनुक असतं, आईबापांकडून एकेक प्रत मिळून त्याची जोडी होते. डब्लिनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की त्याच्या एका जोडीचे घोडे छोट्या अंतराला चमकतात, दुसऱ्या जोडीचे लांब अंतराला, आणि मिश्र जोडीचे मधल्या. ब्रीडर मंडळी हे पिढ्यान्‌पिढ्या नजरेने ओळखत आली, प्रयोगशाळेने त्याला कारण दिलं. थरोब्रेड ही शर्यतीच्या घोड्यांची जात मुळातच दप्तरावर उभी आहे. आज जगात पळणारा प्रत्येक थरोब्रेड बापाच्या बाजूने बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकाशी जाऊन भिडतो. कृत्रिम रेतनाला या जातीत परवानगी नाही, आणि पिल्लाचे आईबाप डीएनए तपासून नोंदवले जातात. आपल्या देशाचं हे दप्तर सांभाळणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्यातच आहे. किती पुणेकरांना हे माहीत असेल, कोण जाणे.

म्हणून या विभागाला माझ्याकडून पूर्ण गुण. तक्रार एकच, आईच्या बापाचं नाव सगळ्या घोड्यांना छापत नाहीत. लांब अंतराच्या शर्यतीला मला ते हवं असतं.

पण रक्तावर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांसाठी दोन नावं. स्नाफी डान्सर हा १९८३ साली अमेरिकेत एक कोटी दोन लाख डॉलरला विकला गेलेला, नॉर्दर्न डान्सर या नावाजलेल्या घोड्याचा वछेरा. तो एकही शर्यत पळाला नाही. द ग्रीन मंकी २००६ मध्ये एक कोटी साठ लाख डॉलरला गेला, तीनदा पळाला आणि एकदाही जिंकला नाही. दोघांची वंशावळ बघितली तर कोणीही तिकीट काढेल. उलट्या बाजूचा दाखला आपल्याकडचाच आहे. रझीन हाही नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. १९९० च्या इंग्लंडातल्या एप्सम डर्बीला फेव्हरिट म्हणून उतरला आणि मागे पडला. नंतर हरियाणातल्या उषा स्टड या पैदास केंद्रात आला आणि त्याच्या पिल्लांनी भारतातल्या मोठमोठ्या शर्यती मारल्या. स्वतः हरलेला घोडा बाप म्हणून सोन्याचा निघाला. पुस्तकात ‘रझीन’ हा शब्द दिसला की पेन्सिलीने खूण करणारे लोक मी स्टँडात बघितलेत. पुढे त्याच्या मुलींच्या पिल्लांनाही तशाच खुणा व्हायला लागल्या.

आणि मराठी माणसाला रस वाटेल असा एक घोडा म्हणजे सयाजीराव. होय, घोड्याचंच नाव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात २८,००० गिनींना एक वछेरा घेतला, त्या काळचा उच्चांकी भाव. भाव एवढा का? तर हा नेआर्को या घोड्याचा मुलगा आणि त्याच वर्षी डर्बी मारलेल्या दान्ते या घोड्याचा सख्खा भाऊ. म्हणजे बोली लागली ती निव्वळ रक्तावर. १९४७ च्या एप्सम डर्बीत तो तिसरा आला. मग त्याने आयरिश डर्बी मारली आणि सप्टेंबरात इंग्लंडची सेंट लेजर. सेंट लेजरला त्याच्या पाठीवर होता एडगर ब्रिट. या ऑस्ट्रेलियन जॉकीने आधीची कित्येक वर्षं हिंदुस्थानात काढली होती. आईबाप तेच, तरी धाकट्याचा सगळ्यात मोठा विजय थोरल्याच्या डर्बीपेक्षा लांब अंतरावर आला. वंशावळ अंतराची पट्टी देते. त्या पट्टीवर घोडा नेमका कुठे बसणार, ते पळाल्यावरच कळतं.

आता पुस्तक जिथे गप्प बसतं तिथे येऊ.

जॉकीबद्दल पुस्तकात काय असतं? नाव, वजन, मोसमात किती घोडे चालवले, किती जिंकले. संपलं. मागच्या शर्यतींच्या नोंदीत अंतर, वेळ, क्रमांक, किती लेंथने (म्हणजे घोड्याच्या किती लांब्यांनी) हरला एवढं मिळतं. पण त्या दीड-दोन मिनिटांत जॉकीने केलं काय? गेटमधून उशिरा सुटला का? रेलिंगला कोंडला गेला का? वळणावर चौथ्या रांगेत बाहेरून आला का? यातलं काहीच नाही. ‘पाचवा, साडेचार लेंथ’ एवढं वाचून आपण घोड्याला नालायक ठरवतो.

साधा हिशेब करून बघा. अर्धवर्तुळाच्या वळणावर घोडा रेलिंगपासून एक मीटर बाहेर पळाला तर त्याला ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. शाळेतलं भूमितीचं गणित आहे, इथे टिपस्टर लागत नाही. एक लेंथ म्हणजे साधारण २.४ मीटर. जॉकी सगळं वळण तीन मीटर बाहेरून आला, तर जवळपास चार लेंथ त्याने तिथेच खर्च केल्या. मग आतून आलेल्या घोड्याशी साडेचार लेंथने हरलेला तो घोडा खरं तर जवळपास तेवढाच चांगला पळाला होता. हे पुस्तकात कुठे दिसतं? कुठेच नाही. आणि तरी बाहेरून येणं दर वेळी चूक नसतं. ऑगस्टमध्ये सतत पाऊस पडला की आतली पट्टी टापांनी उखणली जाते आणि शहाणा जॉकी घोडा मुद्दाम बाहेर, धडधाकट गवतावर काढतो. थोडं जास्त पळण्यापेक्षा चिखलात पाय रुतणं महाग. हा निर्णय त्याला वळणाच्या आधी घ्यायचा असतो, डावी-उजवीकडे दहा घोडे आणि तोंडावर चिखल उडत असताना.

जॉकीच्या एका अंदाजाने काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण १९८६ च्या एप्सम डर्बीचं. डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा मैदानात सगळ्यात चांगला होता यावर फारसा वाद नाही. जॉकी ग्रेव्हिल स्टार्कीने त्याला मागे धरून ठेवलं, फार मागे. शेवटी सोडला तेव्हा तो विजेसारखा आला, पण अर्ध्या लेंथने कमी पडला. जिंकला आगाखानांचा शाहरस्तानी. याच आगाखानांच्या आजोबांनी आपल्या येरवड्याचा आगाखान पॅलेस बांधला आणि एप्सम डर्बी पाच वेळा मारली. तर, त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसला आर्क द त्रिओम्फची शर्यत झाली. डान्सिंग ब्रेव्हवर आता पॅट एडरी होता. त्यानेही घोडा उशिराच सोडला, बाहेरून आणला, आणि जिंकला. शाहरस्तानी चौथा. घोडा तोच, प्रतिस्पर्धी तोच, उशिरा सोडायची चालही तीच. फरक पडला तो किती उशिरा याचा.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. माइन दॅट बर्ड हा वर्षभराचा असताना साडेनऊ हजार डॉलरला विकला गेलेला, २००९ च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत ५० ला १ भाव. मैदान पावसाने भिजलेलं. जॉकी कॅल्विन बोरेल सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. मग तो रेलिंगला चिकटला, फटीफटींतून पुढे सरकला आणि पावणेसात लेंथने जिंकला. आता गंमत बघा. याचा बाप बर्डस्टोन २००४ ची बेलमाँट ही शर्यत जिंकलेला, २४०० मीटरची. म्हणजे दम रक्तात होताच, पण साडेनऊ हजारांच्या भावात तो कोणी वाचला नव्हता. बोरेलने त्याला एक मीटरसुद्धा फुकट पळवलं नाही आणि तो दम शेवटासाठी शिल्लक ठेवला. दोन आठवड्यांनी प्रीकनेसच्या शर्यतीला हाच बोरेल डर्बी जिंकलेल्या या घोड्यावरून उतरला आणि रेचल अलेक्झांड्रा या घोडीवर बसला. घोडी पहिली आली, माइन दॅट बर्ड दुसरा.

म्हणून माझी पुस्तक वाचायची एक पद्धत आहे. जॉकीच्या रकान्यात मी जिंकण्याची टक्केवारी बघत नाही. मोठ्या जॉकीला मोठ्या तबेल्याचे चांगले घोडे मिळतात, टक्केवारी आपोआप फुगते. मी बदल बघतो. एकाच ट्रेनरचे दोन घोडे एका शर्यतीत असतील तर तबेल्याचा नेहमीचा जॉकी कुठल्यावर बसला? मागच्या वेळी शिकाऊ मुलगा होता आणि आज सीनियर आला का? शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते. हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात त्या शर्यतीत, रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो, तेव्हा दोन-तीन किलोंची सूट म्हणजे चार-सहा गुण फुकट. ट्रेनर ती सूट सोडून अनुभवी हात मागतो तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी असतं. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी मारली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही नाव कमावलं. असा माणूस एखाद्या घोड्यावर कोणाला बसवतो, ही मला छापलेल्या टिपेपेक्षा मोठी बातमी वाटते.

सकाळच्या सरावाची पानं मात्र छान असतात. ‘६०० मीटर, ३८ सेकंद, मोकळा पळाला’ अशा नोंदी. वर पाठीवर जॉकी होता की रायडिंग बॉय (सराव देणारा तबेल्यातला मुलगा), हेही दिलेलं असतं. तोच आकडा पण ‘रेटून’ काढला असेल तर त्याची किंमत निम्मी. सहाशे मीटर ३८ सेकंदांत काढणारा घोडा सोळाशे मीटर पळेल असं मात्र नाही. इथे पुन्हा बाप-आईच्या ओळीकडे परत यावं लागतं.

शेवटच्या पानांवर चार-पाच तज्ज्ञांच्या निवडी आणि ‘दिवसातला सर्वोत्तम’ असतो. वाचायला हरकत नाही. सगळ्यांनी एकच घोडा दिला असेल तर त्याचा भाव इतका पडलेला असतो की लावून मिळतं काय? त्यात टोटवर लावलेल्या पैशावर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढ्या करानंतर शॉर्ट फेव्हरिटवर, म्हणजे भाव पडलेल्या घोड्यावर, विन (पहिला येण्यावर) लावणं म्हणजे सरकारला देणगी. मी हल्ली एखादं प्लेस तिकीट, म्हणजे पहिल्या काहींत येण्यावरचं, काढतो, नाहीतर नुसता बघतो.

याच पैशांत मोबाईलवर टिप देणाऱ्या सेवाही आल्यात. अशा एकीचे मी महिनाभराचे पैसे भरले होते, नाव लिहीत नाही. शर्यतीच्या तासभर आधी मेसेज यायचा : ‘चौथी रेस, तीन नंबर, शुअर शॉट.’ का ते नाही. घोडा हरला तर पुढचा मेसेज, ‘जॉकीने खाल्लं.’ जिंकला तर जॉकीचा उल्लेखही नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. घोड्याचा वेग आणि दम प्रशिक्षणातून येतो आणि जॉकी आपल्या कलेत तरबेज असतो, असा त्यामागचा विचार होता. कारण न सांगता नंबर विकणाऱ्यांनी या खेळाचा पुन्हा मटका केलाय. पुस्तक निदान कच्चा माल तरी हातात देतं.

पुस्तक घेऊन सरळ तिकीट खिडकीकडे जाऊ नका, पॅडॉकच्या कठड्याशी जा. घोडे गोल फिरतात, जॉकी येतात, ट्रेनर दोन वाक्यं कानात सांगतो. ती वाक्यं ऐकू येत नाहीत, पण घोडा दिसतो. मानेवर फेस, पाय आपटणं, सईसाला ओढत नेणं. असा तापलेला घोडा २४०० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच लगामाशी भांडणार आणि जॉकीला त्याला धरताना निम्मा दम घालवावा लागणार. त्याचा बाप किती लांब पळाला होता याला मग अर्थ उरत नाही. एम्प्रेस गार्डनकडची झाडं, ओल्या गवताचा वास आणि हातभर अंतरावरून जाणारा साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा, हे तिकिटाच्या पैशांत मिळतं. तरी निम्मे लोक मागे पडद्यावर बंगलोर-हैदराबादची शर्यत बघत पाठ करून उभे असतात. त्यांचं ते जाणोत.

गुण द्यायचे तर वंशावळीला पाच, सरावाच्या नोंदींना चार, छपाईला दोन, जॉकीच्या माहितीला एक. एकूण साडेतीन तारे, आणि अर्धा तारा त्यातला दादांच्या नालाच्या रकान्याला. छापणाऱ्यांकडे एकच मागणी : मागच्या प्रत्येक शर्यतीसमोर एक छोटी ओळ वाढवा, वळणावर घोडा कितवा होता आणि रेलिंगपासून किती बाहेर. शर्यतींचे व्हिडिओ उपलब्ध असतात, बघून लिहायला फार तर एक माणूस लागेल. त्यासाठी पुस्तकाची किंमत थोडी वाढवली तरी मी देईन. तोवर मी समासात पेन्सिलीने ‘आत’, ‘बाहेर ३’, ‘कोंडला’ असं स्वतःच लिहून ठेवतो आणि मोसमभराची पुस्तकं रद्दीत देत नाही. नवीन घेणाऱ्यांनी शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच घ्यावं. फाटकाबाहेर घेतलं तर पहिली शर्यत हमखास वाचायची राहते.